साथीच्या काळात कामगारांची बाजू लावून धरताना : वही, पोच आणि पाठपुरावा

१४ सप्टेंबर २०२० रोजी लोकसभेत सरकारला विचारण्यात आलं, की टाळेबंदीत घरी परतताना किती स्थलांतरित मजूर मेले आणि त्यांच्या घरच्यांना काय भरपाई दिली. कामगार मंत्रालयाचं लेखी उत्तर आलं : अशी आकडेवारी ठेवलेली नाही, त्यामुळे भरपाईचा प्रश्नच येत नाही. त्याआधी चार महिने, ८ मेच्या पहाटे, जालन्याहून पायी निघालेले १६ मजूर करमाडजवळ रुळांवर मालगाडीखाली गेले होते. त्यांच्या कुटुंबांना महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश या दोन्ही सरकारांनी प्रत्येकी पाच लाख रुपये जाहीर केले, कारण ते मृत्यू साऱ्या देशाने पाहिले होते. वाटेत एकेकटे गेलेले मात्र कोणत्याच वहीत आले नाहीत.

साथीत कामगारांसाठी काम करणाऱ्याने हे उत्तर विसरू नये. नोंद नसली की सरकारच्या लेखी नुकसानही नसतं. म्हणून पुढे सांगितलेल्या कामांपैकी निम्म्याहून अधिक काम मोर्च्याचं नाही, नोंद करण्याचं आहे, आणि ते साथीच्या पहिल्या आठवड्यात सुरू करावं लागतं. आशा ताई, कंत्राटी सफाई कामगार, रुग्णालयातले वॉर्डबॉय आणि मावश्या यांच्यासोबत उभं राहणाऱ्या कार्यकर्त्यांना समोर ठेवून, महाराष्ट्रातली कार्यालयं आणि नियम धरून हे लिहिलं आहे.

आधी ठरवा : मालक कोण?

मागणी चुकीच्या दारात गेली की महिनाभर वाया जातो. आशा ताईंना सरकार कामगार मानत नाही. कागदावर त्या स्वयंसेविका आहेत आणि त्यांना मिळतं ते मानधन किंवा मोबदला. योजनांवर काम करणाऱ्यांना कामगार म्हणून मान्यता द्यावी, अशी शिफारस ४५व्या भारतीय श्रम परिषदेने २०१३ मध्येच केली होती. ती अमलात आलेली नाही, त्यामुळे कामगार आयुक्तांकडे जाऊन आशांच्या हाती सहसा काही लागत नाही. त्यांचं निवेदन तालुका आरोग्य अधिकारी, जिल्हा आरोग्य अधिकारी आणि जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी यांच्याकडे जायला हवं. धोरणाची मागणी असेल तर ती सार्वजनिक आरोग्य विभागाकडे.

कंत्राटी सफाई कामगाराला मालक दोन. पगार देणारा कंत्राटदार आणि ज्यांचं काम चालतं ती महापालिका किंवा नगरपालिका, म्हणजे मूळ मालक. कंत्राटदाराने मजुरी बुडवली तर ती देण्याची जबाबदारी कायद्याने मूळ मालकावर येते. म्हणून प्रत्येक पत्र दोघांच्या नावाने लिहा आणि प्रत सहायक कामगार आयुक्तांना द्या. फक्त कंत्राटदाराला लिहिलंत तर तो सांगतो, ‘पालिकेने बिल काढलं नाही’. फक्त पालिकेला लिहिलंत तर उत्तर येतं, ‘ते आमचे कामगार नाहीत’. एकाच कागदावर दोघांची नावं असली की ही टोलवाटोलवी अवघड होते.

घरकामगार आणि बांधकाम मजुरांची गोष्ट वेगळी. त्यांचा प्रश्न नोंदणीपाशी अडतो. एप्रिल २०२१ मध्ये राज्याने दुसऱ्या लाटेच्या निर्बंधांसोबत बांधकाम आणि घरेलू कामगारांना १,५०० रुपये जाहीर केले, पण ते नोंदणीकृतांना. ज्यांची कामगार कल्याणकारी मंडळात नोंद नव्हती किंवा नूतनीकरण राहिलं होतं, त्यांच्या हाती काही आलं नाही. बांधकाम कामगाराला नोंदणीसाठी मागच्या १२ महिन्यांत ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. तो साथ नसताना मिळवायला एक खेप लागते. साथीत साइट बंद, ठेकेदार गावी, कार्यालयात प्रवेश नाही. नोंदणीची शिबिरं शांत काळात घ्या, आणि दर वर्षी घ्या.

वही

दोनशे पानी, पुठ्ठ्याच्या बांधणीची वही घ्या. सुटे कागद नकोत. पहिल्याच दिवशी सगळ्या पानांवर पेनाने क्रमांक टाका. रकाने असे आखा : दिनांक, कामाची जागा (वॉर्ड, गल्ली, कुठल्या घरापासून कुठल्या घरापर्यंत), काम सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ, काम कोणी सांगितलं, त्या दिवशी काय साहित्य मिळालं आणि किती, काय मिळालं नाही, ताप-खोकला किंवा इजा, सही. ओळ मोकळी सोडू नका. चूक झाली तर एका रेघेने खोडा, बाजूला सही करा. खाडाखोड आणि पांढरी शाई दिसली की समोरचा अधिकारी वहीच बाजूला सारतो.

गटाची वही एक, पण प्रत्येकाजवळ खिशात मावणारी डायरीही हवी. दर शनिवारी दोन्हींच्या पानांचे फोटो काढून कामाच्या ठिकाणाबाहेरच्या दोन विश्वासू माणसांना पाठवा. वही पावसात भिजते, हरवते, कधी ‘साहेबांनी बघायला मागितली’ म्हणून जाते आणि परत येत नाही.

सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक म्हणजे तीन महिन्यांची वही एका रात्रीत, एकाच पेनाने भरणं. अनुभवी कारकून ते एका नजरेत ओळखतो, आणि मग त्या वहीतली खरी नोंदसुद्धा खोटी ठरते. राहिलेले दिवस राहू द्या. ज्या दिवशी आठवलं त्या दिवसाची तारीख टाका आणि ‘आठवणीवरून’ असं स्पष्ट लिहा.

रुग्णांची नावं वहीत कधीही लिहू नका. ‘आज तीन बाधित घरांत गेले’ एवढं पुरे. २०२० मध्ये बाधितांच्या याद्या मोबाइलवर फिरल्या आणि लोकांना वाळीत टाकल्यासारखं झालं. आपल्या वहीतून तसं घडलं तर गाव आपल्यावर पुन्हा विश्वास ठेवणार नाही.

कंत्राटी कामगाराकडे नेमणूकपत्र क्वचित असतं आणि हजेरीपत्रक मुकादमाच्या ताब्यात असतं. मग कामावर असल्याचा पुरावा असा जमवा : पीएफच्या पासबुकची प्रत, ईएसआयचा (कर्मचारी राज्य विमा) क्रमांक, बँकेत जमा झालेल्या पगाराची नोंद, गेट पास, कचरागाडीचा क्रमांक आणि फेरीची वेळ, हजेरी चौकीवर रोज सकाळी काढलेला गटाचा फोटो. शिवाय रोज दोन सोबत्यांच्या एकमेकांच्या वहीत सह्या. ‘कोविड योद्धा’ म्हणून दिलेली प्रमाणपत्रंही फाइलला लावा. सत्काराने पोट भरत नाही, पण त्या कागदावर अधिकाऱ्याची सही आणि तारीख असते, आणि ‘हा माणूस आमच्या कामावर नव्हता’ असं त्यानंतर म्हणता येत नाही.

साथीतले बहुतेक आदेश तोंडी किंवा व्हॉट्सॲपवर येतात. आलेला संदेश पुसू नका. महिन्यातून एकदा त्या गटातली सगळी बातचीत निर्यात करून ईमेलवर ठेवा, आणि ज्या फोनवर संदेश आला तो मूळ फोन सांभाळा, कारण न्यायालयात डिजिटल पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. आदेश तोंडी असेल तर त्याच दिवशी गटात लिहा : ‘आज सकाळी आपण सांगितल्याप्रमाणे उद्यापासून अमुक वस्तीत सर्वेक्षण सुरू करत आहोत. मास्क आणि सॅनिटायझर अद्याप मिळालेले नाहीत.’ भाषा नम्र, तक्रारीचा सूर नाही, पण नोंद झाली. अधिकाऱ्याने उत्तर दिलं तरी चालतं, न दिलं तरी चालतं.

मागणी आकड्यांत मांडा

‘पुरेसं संरक्षण साहित्य द्या’ ही मागणी मान्य करणं फार सोपं आहे, म्हणून ती करू नये. साहेब ‘देतो’ म्हणतात, एक खोकं येतं, विषय संपतो. आकडा मांडला की त्याचं उत्तर आकड्यातच द्यावं लागतं.

एक हिशेब करून पाहू. सप्टेंबर २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत एका पथकाला रोज ५० घरांचं लक्ष्य होतं. हात नीट चोळून स्वच्छ करायला एका वेळी सुमारे ३ मिली सॅनिटायझर लागतं. प्रत्येक घरानंतर एकदा धरलं तरी ५० घरांना १५० मिली. महिन्याचे २६ दिवस धरले तर ३,९०० मिली, म्हणजे एका ताईला महिन्याला जवळपास चार लिटर. तिला जर १०० मिलीची एक बाटली दिली असेल, तर ती पहिल्या दिवशी दुपारीच संपलेली असते. तीन पदरी मास्क घामाने ओला झाला की बदलावा लागतो, म्हणजे दिवसाला किमान दोन, महिन्याला ५२. एका प्राथमिक आरोग्य केंद्राखाली साधारण ३० हजार लोकसंख्या आणि हजारामागे एक आशा. त्यांपैकी २५ ताई धरा : महिन्याला १,३०० मास्क आणि सुमारे १०० लिटर सॅनिटायझर. निवेदनात हा गुणाकार जसाच्या तसा मांडा. त्याखाली मागच्या महिन्यात प्रत्यक्ष काय मिळालं ते वहीतून उतरवा. दोन ओळींमधला फरक साहेबांना स्वतःच दिसतो.

दर्जाही लिहा. एन-९५ प्रकारच्या मास्कवर आयएस ९४७३ हे भारतीय मानक छापलेलं असावं, आणि पुढे झडप असलेला मास्क नको. झडपेतून बाहेर जाणारी हवा गाळली जात नाही, त्यामुळे घालणाऱ्याला संसर्ग झाला असेल तर समोरच्याचं रक्षण होत नाही. अंगभर घालायच्या किटसाठी आयएस १७४२३ हे मानक आहे. सॅनिटायझरमध्ये अल्कोहोल ६० टक्क्यांहून कमी नको. सफाई कामगाराला रबरी हातमोज्यांचे दोन जोड मागा, एक वापरात आणि एक वाळत. एकच जोड दिला की तो ओलाच घालावा लागतो, हात कुजतात, मग माणूस तो घालणंच सोडतो आणि अहवालात येतं, ‘साहित्य देऊनही कामगार वापरत नाहीत’. गमबुटाचा नंबर प्रत्येकाचा विचारून यादी द्या. सगळ्यांना आठ नंबर आला तर बायकांच्या पायात तो टिकत नाही, आणि झाडू खात्यात बायका पुष्कळ आहेत.

साहित्याबरोबरच चार गोष्टी मागायला विसरू नका : विलगीकरणाच्या दिवसांचा पूर्ण पगार, ठरावीक अंतराने मोफत तपासणी, कामाच्या जागी पाणी-साबण आणि कपडे बदलायची खोली, आणि कोणत्या वस्तीत किंवा वॉर्डात किती धोका आहे याची रोजची माहिती.

निवेदन आणि पोच

निवेदन एका पानाचं असावं. वर विषय, खाली क्रमांकाने मागण्या, प्रत्येक मागणीपुढे ‘दि. अमुकपर्यंत’. लागू असलेला शासन निर्णय सापडला तर त्याचा दिनांक आणि १८ अंकी सांकेतांक लिहा. तो सरकारच्या शासन निर्णयांच्या संकेतस्थळावर मिळतो, आणि निर्णयाच्या प्रतीवर छापलेलाही असतो. सांकेतांक लिहिलेलं पत्र कारकून बाजूला ठेवू शकत नाही, कारण साहेबांनी विचारलं तर त्याला तो काढून दाखवावा लागतो.

दोन प्रती न्या. एक आवक शाखेत द्या, दुसरीवर शिक्का, आवक क्रमांक, तारीख आणि सही घ्या. साहेबांच्या हातात देऊन फोटो काढला म्हणजे निवेदन पोचलं, असं नाही. फोटोला आवक क्रमांक नसतो. साथीत कार्यालयं बाहेरच्यांना आत घेत नाहीत, तेव्हा स्पीड पोस्टने पाठवा आणि पोचवल्याचा पुरावा मागून घ्या. रजिस्टर पोस्ट १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टमध्येच विलीन झालं आहे. ईमेलही करा, पण फक्त ईमेलवर विसंबू नका.

सात दिवसांनी स्मरणपत्र, त्यात पहिल्या पत्राचा आवक क्रमांक. पंधराव्या दिवशी दुसरं स्मरणपत्र, प्रत वरच्या कार्यालयाला. हे कंटाळवाणं काम एकाच माणसावर सोपवा आणि त्याच्याकडे दुसरं काही देऊ नका. आम्हाला विचाराल तर कोणत्याही संघटनेतला हा सगळ्यात मोलाचा माणूस असतो, भाषण करणाऱ्यापेक्षाही. कंत्राटी कामगारांच्या बाबतीत उत्तर आलं नाही तर या तीन पत्रांच्या प्रती जोडून सहायक कामगार आयुक्तांकडे बैठक मागा, आणि जे ठरेल ते समेट अधिकाऱ्यासमोर लेखी करारात आणा. २९ मार्च २०२० रोजी केंद्राने टाळेबंदीतला पगार न कापता द्या, असा आदेश काढला होता. १७ मे रोजी तो मागे घेतला गेला, आणि १२ जूनला सर्वोच्च न्यायालयाने मालक-कामगारांनी आपसात बोलणी करावीत असं म्हटलं. ज्यांच्याकडे लेखी करार नव्हता त्यांच्या हाती त्या बोलणीत काहीच नव्हतं.

माहिती अधिकार

हे हत्यार साथीत फार चांगलं चालतं, पण अर्ज नेमका हवा. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. शुल्क १० रुपये, कोर्ट फी स्टॅम्प लावला तरी चालतो. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला शुल्क नाही, दाखला जोडावा. अर्ज संघटनेच्या नावाने करू नका, कारण कायदा हा अधिकार नागरिकाला देतो. तो व्यक्तीच्या नावाने करा, आणि शक्य असेल तर ज्याची नोकरी त्या कार्यालयाशी बांधलेली नाही अशा माणसाच्या नावाने. कारण सांगायची गरज नाही.

‘का’ विचारू नका. ‘आम्हाला मास्क का दिले नाहीत?’ याला ‘माहिती या सदरात येत नाही’ असं उत्तर येतं, आणि ते नियमात बसतं. कागद मागा. उदाहरणार्थ :

विषय : प्राथमिक आरोग्य केंद्र (नाव) येथील संरक्षण साहित्य. कालावधी : दि. __ ते दि. __.
१. या कालावधीतील मास्क, हातमोजे व सॅनिटायझर यांच्या साठा नोंदवहीच्या पानांच्या प्रती.
२. याच साहित्याच्या वाटप नोंदवहीच्या प्रती. घेणाऱ्यांची नावे झाकून दिली तरी चालेल.
३. पुरवठा आदेश व पुरवठादाराच्या देयकांच्या प्रती.
४. वरील नोंदवह्या प्रत्यक्ष पाहण्यासाठी दिवस व वेळ.

नावं झाकायला आपणच सांगितलं की ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून नकार देण्याची वाट बंद होते. चौथा मुद्दा सोडू नका. साठा वहीत आलेली संख्या आणि वाटप वहीत गेलेली संख्या समोरासमोर ठेवली की उरलेलं साहित्य कुठे गेलं हा प्रश्न आपोआप उभा राहतो. फार कमी लोक वापरतात अशी आणखी एक तरतूद आहे : कायद्याच्या कलम २(ञ)मध्ये साहित्याचा प्रमाणित नमुना घेण्याचाही अधिकार आहे. वाटलेला मास्क निकृष्ट वाटत असेल तर त्याच साठ्यातला नमुना मागा.

कंत्राटी कामगारांसाठी मागायचे कागद वेगळे : कंत्राटाचा करारनामा, कार्यादेश, आणि कंत्राटदाराच्या देयकासोबत जोडलेली हजेरीपत्रकं आणि पीएफ-ईएसआयची चलनं. करारनाम्यात साहित्य पुरवण्याची आणि न पुरवल्यास दंडाची अट असते का, ते पाहा. चलनावरची माणसं आणि हजेरीवरची माणसं यांची संख्या जुळते का, तेही पाहा.

उत्तराची मुदत ३० दिवस. जीवित किंवा स्वातंत्र्याशी संबंधित माहिती ४८ तासांत द्यावी लागते. विलगीकरण कक्षात काम करणाऱ्यांच्या साहित्याबद्दल विचारत असाल तर अर्जाच्या माथ्यावर तसं कारणासह लिहा. मान्य होईलच असं नाही, पण नाकारल्याची नोंद होते. उत्तर नाही आलं तर ३० दिवसांत प्रथम अपील, शुल्क २० रुपये. त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील. आयोगाकडे तारीख यायला खूप काळ जातो, म्हणून तिथे पोचण्याआधीच, प्रथम अपिलाच्या सुनावणीत, नोंदवही पाहण्यावर जोर द्या.

पैशांबद्दल विचारताना योग्य दार निवडा. पीएम केअर्स निधी माहिती अधिकारात येत नाही, अशी भूमिका केंद्राने घेतली आहे. तिथे अर्ज करत बसण्यापेक्षा आपल्या जिल्हा रुग्णालयाला विचारा : कोणती यंत्रं आली, कधी आली, बसवल्याचा आणि बिघाडाचा अहवाल काय. मे २०२१ मध्ये मराठवाड्याला मिळालेल्या व्हेंटिलेटरच्या बिघाडाचा विषय मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठासमोर गाजला, तो रुग्णालयाच्या अहवालांच्या जोरावरच. दिल्लीतून येणारा पैसा दिसला नाही तरी आपल्या दारात उतरलेलं खोकं दिसतं.

रस्त्यावर उतरताना

जमावबंदीचा आदेश आधी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघायचा, १ जुलै २०२४ पासून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतो. आदेशाची प्रत मिळवून वाचा. बहुतेकदा पाच किंवा अधिक जणांना बंदी असते. मग चौघांचं शिष्टमंडळ आत, आणि बाकीचे आपापल्या कामाच्या जागी काळ्या फिती लावून, ठरलेल्या एकाच वेळी. ड्यूटी बदलण्याच्या वेळेस दहा मिनिटं फलक धरून उभं राहणं हा मोर्च्याइतकाच बोलका कार्यक्रम होतो.

परवानगी मिळाली तर चुन्याने दर सहा फुटांवर खूण करा. साठ जणांच्या रांगेला ३६० फूट, म्हणजे सुमारे ११० मीटर जागा लागते, ती आधी पायाने मोजून या. घोषणा एकाने माइकवर द्यायच्या, बाकीच्यांनी टाळी किंवा थाळी वाजवायची, कारण ओरडताना तोंडातून तुषार जास्त उडतात. अंगात कणकण असलेल्याने घरीच राहायचं. ते सांगायला लाजू नये म्हणून आदल्या रात्री प्रत्येकाला फोन करा.

संपाची गोष्ट जपून. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत. औद्योगिक संबंध संहितेप्रमाणे आता कोणत्याही औद्योगिक आस्थापनेत संपाची आगाऊ नोटीस द्यावी लागते आणि नोटिशीनंतर १४ दिवस संप करता येत नाही. निम्म्या किंवा अधिक कामगारांनी एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली तरी तो संपच धरला जातो. ही दुसरी अट अनेकांना ठाऊक नसते आणि ‘सामूहिक रजा’ म्हणून बसणारे अडकतात. शिवाय अत्यावश्यक सेवेला ‘मेस्मा’, म्हणजे संपाला बंदी घालणारा राज्याचा अत्यावश्यक सेवा कायदा, लागू केलेला असू शकतो. नोटीस देण्याआधी कामगार कायद्याच्या वकिलाला दाखवा.

संपाच्या अलीकडेही पायऱ्या आहेत. काम करायचं, पण ऑनलाइन अहवाल भरायचे नाहीत, ही त्यांतली एक. लोकांची सेवा थांबत नाही आणि वरचा तक्ता मात्र रिकामा राहतो. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी निकृष्ट सरकारी मोबाइल परत केले, ती याच जातीची कृती होती. संप केलाच तर प्रसूतीला नेणं, तातडीचा रुग्ण आणि कोविड वॉर्डातला ऑक्सिजन या गोष्टी थांबणार नाहीत, असं नोटिशीतच लिहा आणि कोण त्या पाहणार याचीही यादी द्या. गावाची सहानुभूती त्यावर टिकते.

जून २०२१ चा आशा आणि गटप्रवर्तकांचा (आशांच्या कामावर देखरेख करणाऱ्यांचा) संप अभ्यासण्यासारखा आहे. कोविडच्या कामाचे महिन्याला १,००० रुपये मिळत होते, म्हणजे दिवसाला साधारण ३३. हा एक आकडा गावोगाव समजला. वेगवेगळ्या झेंड्यांच्या संघटना एका कृती समितीत आल्या, त्यामुळे सरकारला एकीला बोलावून दुसरीला टाळता आलं नाही. १५ जूनला सुरू झालेला संप २३ जूनला मिटला. आशांना १,००० रुपये वाढ आणि ५०० रुपये कोविड भत्ता, गटप्रवर्तकांना १,२०० आणि ५००, १ जुलैपासून, असं ठरलं. यातला शिकण्याचा भाग तारखेचा आहे. ‘वाढ देऊ’ आणि ‘१ जुलैपासून वाढ देऊ’ यांत फार अंतर आहे. आणि तारीख मिळाल्यावरही शासन निर्णय निघेपर्यंत, त्यानंतर पैसे खात्यात येईपर्यंत, कृती समिती मोडू नका. दर तालुक्यातून दर महिन्याला पाच जणींचं पासबुक तपासत राहा.

गट फुटतो कुठे

व्हॉट्सॲप गटात मुकादम किंवा पर्यवेक्षक असतोच, असं धरून चाला. चर्चा तिथे, निर्णय प्रत्यक्ष भेटीत. आरोग्य केंद्रातली मासिक बैठक ही आशांची हक्काची जागा आहे, ती संपल्यावर अर्धा तास बाहेरच्या झाडाखाली पुरतो. प्रतिनिधी कधीच एकटा पाठवू नका. तिघं जा, बाहेर आल्यावर तिघांनी मिळून जे झालं ते लगेच वहीत लिहा. एकट्याला आत बोलावून ‘तुला कायम करतो’ म्हणणं ही जुनी रीत आहे, आणि तो माणूस फितूर नसला तरी बाहेर संशय उरतो.

दुसरी वाट मदतीच्या पिशवीतून येते. दानशूरांकडून मास्क मिळाले तर घ्या, पण वहीत ‘देणगी’ म्हणून वेगळ्या रकान्यात लिहा. नाहीतर पुढच्या उत्तरात तेच मास्क ‘वाटप केले’ म्हणून दिसतात.

सभागृहापर्यंत

आमदाराला फाइल देऊ नका, एक पान द्या : तीन आकडे, माहिती अधिकारातली एक प्रत, आणि विचारायचा प्रश्न तयार लिहून. अधिवेशनाच्या काही आठवडे आधी दिला तर तारांकित प्रश्नाला वेळ उरतो, ऐन अधिवेशनात लक्षवेधी सूचनेचा मार्ग आहे. विरोधी आणि सत्ताधारी दोन्हींना तेच पान द्या. गावपातळीवर ग्रामसभेचा ठराव घ्या, साहित्याच्या आकड्यांसह, आणि त्याची सही-शिक्क्याची प्रत लगेच मागून घ्या.

उच्च न्यायालयात जनहित याचिका हा उपाय आहे, पण आधी केलेली पत्रं आणि त्यांच्या पोचा नसतील तर पहिलाच प्रश्न येतो, ‘प्रशासनाकडे गेला होतात का?’ वरचं सगळं केलं असेल तर याचिकेचा अर्धा मसुदा तयारच असतो.

मृत्यू झाल्यावर

हे लिहिताना हात थांबतो, पण कुटुंबाला पहिल्या आठवड्यातच सोबत लागते, कारण कागद तेव्हाच मिळतात. ३० मार्च २०२० पासून आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी केंद्राची ५० लाखांची विमा योजना होती, आशाही तिच्यात होत्या. दावे मुख्यतः एका कागदावर अडले : कर्मचारी कोविडच्या कामावर होता, असं संस्थेच्या प्रमुखाचं प्रमाणपत्र. आशांसाठी ते आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने द्यायचं होतं. वही, आदेशांचे संदेश आणि कामाचे फोटो असतील तर ते प्रमाणपत्र नाकारणं कठीण जातं. पुढच्या साथीत योजनेचं नाव बदलेल, कागद हेच राहतील.

मृत्यूच्या दाखल्यावर मृत्यूचं कारण नसतं. ते डॉक्टरांनी भरलेल्या वेगळ्या नमुन्यात असतं, रुग्णालयात मृत्यू झाला तर नमुना ४, घरी झाला तर नमुना ४-अ. त्याची प्रत मागा. तपासणीचा अहवाल, दाखल केल्याचा कागद, डिस्चार्ज किंवा मृत्यूचा सारांश, औषधांची बिलं, सगळं एका पाकिटात ठेवा आणि फोटो काढा.

सर्वोच्च न्यायालयाने ३० जून २०२१ रोजी आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम १२ खाली कोविडने गेलेल्यांच्या कुटुंबांना सानुग्रह साहाय्य द्यावंच लागेल असं सांगितलं, आणि ४ ऑक्टोबरला ५० हजारांची रक्कम मान्य केली. बाधित ठरल्यापासून ३० दिवसांतला मृत्यू त्यात धरला गेला, आणि नाकारलेल्यांसाठी जिल्ह्यात तक्रार निवारण समिती होती. मार्च २०२२ मध्ये अर्जाला मुदती घातल्या गेल्या : आधीच्या मृत्यूंसाठी ६० दिवस, पुढच्यांसाठी ९०. दुःखात असलेलं घर या मुदती मोजत नाही. त्या संघटनेने मोजायच्या. ईएसआय आणि पीएफ असलेल्या कामगारामागे आणखी दावे असतात. पीएफशी जोडलेल्या विम्यातून सात लाखांपर्यंत रक्कम मिळू शकते, आणि कंत्राटी कामगारांच्या घरी हे बहुधा माहीतच नसतं.

साथ ओसरताना

साथ ओसरली की साथीसाठी घेतलेल्या परिचारिका, वॉर्डबॉय, तंत्रज्ञ यांची कंत्राटं थांबतात, अनेकदा एका दिवसाच्या निरोपावर. ती कुणकुण लागताच तीन कागद मिळवा : कामाच्या कालावधीसह अनुभवाचं प्रमाणपत्र, शेवटच्या महिन्यापर्यंतचा देय-अदेय हिशेब, आणि पीएफ खात्यात नोकरी सोडल्याची योग्य तारीख. अनुभवाच्या प्रमाणपत्रात ‘कोविड कर्तव्य’ हे शब्द आणि वॉर्डाचं नाव लिहून घ्या. पुढच्या भरतीत जादा गुणांचा प्रश्न आला तर तोच पुरावा असतो. हे तीन कागद हातात पडल्याशिवाय ओळखपत्र आणि गेट पास परत करू नका.